उ अधिक आ

काल दुपारी खिडकीपाशी बसून, माउथऑर्गन बाजूला ठेवून, दोन्ही हातांची रिकामी पोकळी दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून पाहिली, तेव्हा उजव्या करंगळीच्या मुळाशी उजेडाची एक बारीक तिरीप दिसली आणि तीन महिन्यांच्या अपयशाचे कारण एकदाचे सापडले. एवढ्याशा फटीतून माउथऑर्गनवर काढायचा माझा सगळा ‘वा’ हा आवाज गळून जात होता.

ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत वाजवणारे दहा छिद्रांचा माउथऑर्गन डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरतात, उजवा तळहात त्याच्या मागे लावून एक बंद खोली तयार करतात आणि मनगट जागचे न हलवता बोटांचे दार उघडतात. दार बंद असताना सुराची वरची धार आतच अडते आणि बाहेर घुमा ‘ऊ’ येतो. दार उघडले की तोच सूर ‘आ’ म्हणतो. आपले तोंडही स्वर बदलताना आपल्या पोकळीचा आकार बदलते, दुसरे काही करत नाही. उ अधिक आ बरोबर वा, म्हणून सु अधिक आगत बरोबर स्वागत, ही यण् संधी मी शाळेत घोकून पाठ केली होती. ती एके दिवशी तळहातांनी सोडवावी लागेल असे मात्र वाटले नव्हते.

सुरुवातीला मी माश्या वारल्यासारखा हात हलवत होतो. उघडण्यातच सगळी गंमत आहे अशी माझी समजूत होती. पण दार मुळात नीट लागलेच नसेल, तर ते उघडल्याचे ऐकणाऱ्याला कळावे तरी कसे? लहानपणीही माझी ओंजळ अशीच होती. नळाखाली धरलेले पाणी तोंडापर्यंत येईतो कोपरांवरून ओघळून गेलेले असे आणि शेवटी मी थोरल्या भावाच्या भरल्या ओंजळीला तोंड लावत असे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे हा वाक्प्रचार पुढे पुस्तकात भेटला, तेव्हा तो वाईट अर्थाने वापरतात हे वाचून मला खरोखर आश्चर्य वाटले होते.

आता मी सॉनी टेरी या ब्लूजच्या माउथऑर्गनवादकाच्या ओंजळीने पितो. लहान वयातल्या दोन अपघातांत दृष्टी जवळजवळ गमावलेला हा माणूस 1938 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून गेला. त्याचे ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने लावले तरी त्याचे हात किती वेळा मिटले आणि उघडले हे मला मोजता येत नाही, आणि मी इथे खिडकीच्या उजेडात फटी शोधत बसलो आहे. पुढे शिकागोत लिटल वॉल्टर या दुसऱ्या माउथऑर्गनवादकाने तशाच ओंजळीत मायक्रोफोन कोंबला आणि अॅम्प्लिफायरमधून एक नवाच, दाट आवाज काढला. तो मला मनापासून आवडतो, पण हात त्यात मायक्रोफोन धरण्यात गुंतून पडतात, याची हळहळही वाटते. 1967 च्या सुमारास तर गिटारवाल्यांसाठी पायाने दाबायचे वा-वा पेडल बाजारात आले. पायाने बोलणे मला अजूनही थोडे अशिष्ट वाटते. हा माझा हट्ट आहे, त्याला कारण विचारू नये.

पांढरी एक या पट्टीच्या माउथऑर्गनवर ब्लूज बहुधा पांढरी पाच या पट्टीत वाजवतात, त्यामुळे घरचा सूर, म्हणजे षड्ज, दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढून मिळतो. काल करंगळी दाबून धरली, तो सूर ओढला आणि दार हळूच उघडले, तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ ‘वा’ उमटला. लगेच मी जुन्या वादकांचा तो आवडता खेळ करून पाहिला, ज्यात माउथऑर्गन रडणाऱ्या मुलासारखा आईला ‘मामा’ अशी हाक मारतो. हाक चांगली स्पष्ट आली. फक्त माझ्या कानांना काही केल्या त्यात आई ऐकू येईना. ते मूल आपले मामालाच बोलावत राहिले.