दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

आमच्या मंडळाचा देखावा साताऱ्यात कधी गाजला नाही. राजवाड्याकडची मंडळं कमानी उभारायची, आमच्याकडं पुठ्ठ्याचा डोंगर आणि दोन ट्यूबलायटी. पण गणपतीच्या पाचव्या दिवशी सकाळी आमच्या मांडवात बीपी मोजून घ्यायला जी झुंबड उडायची ती सगळी साठीच्या पुढची. त्या दिवसाला पोरं 'बीपीचा गणपती' म्हणायची.

वसाहत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची. झोपड्या उठवून बांधलेली घरकुलं, चार मजले, लिफ्ट नाही. खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या, आणि चिठ्ठीला वय कुठं कळतंय? जन्मभर पोती वाहिलेला हमाल चौथ्या मजल्यावर गेला, नुकतं लग्न झालेलं जोडपं तळमजल्यावर. वरची म्हातारी माणसं एकदा वर गेली की दोन-दोन आठवडे खाली येत नसत.

पहिल्या वर्षी एक खासगी दवाखाना आला. मोठा फलक, फोटो, भाषण. ज्याला त्याला 'पुढच्या तपासणीला या' म्हणून सवलतीचं कूपन दिलं आणि दुपारच्या आत टेबलं गुंडाळून गेले. कुणाचं बीपी किती, हे आमच्याकडं कागदावरसुद्धा राहिलं नाही. आमच्या अध्यक्षांना इतका राग आला की पुढच्या वर्षी बाहेरच्या कुणालाच बोलवायचं नाही असं ठरलं. वसाहतीतच एक निवृत्त सिस्टरबाई राहायच्या. त्यांनी अट घातली, "मी सांगेन तसं बसायचं. आणि वही मंडळानं ठेवायची, दरसाल तीच."

सिस्टरबाईंचं बसवणं म्हणजे एक सोहळाच होता. अर्धा तास आधीपासून चहा नाही, तंबाखू नाही, मिश्री तर नाहीच. पाठ टेकवायची, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. आणि मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. इथं सगळी गाडी अडायची. वर्षभर भेट नसलेल्या दहा बायका शेजारीशेजारी बसवून त्यांना बोलू नका म्हणायचं! कुणीतरी फिसकन हसायचं, सगळ्या हसायच्या, आणि घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. हसण्या-बोलण्यानं आकडा वर जातो हे आम्हाला तिथंच कळलं.

एक पैलवान आजोबा होते. पहिल्या मापात 180 आलं आणि त्यांच्या नातवाचा चेहराच पडला. सिस्टरबाईंनी पट्टा काढला, दंड चाचपला आणि म्हणाल्या, "हा दंड आहे का मांडी? पट्टा पुरंना झालाय." जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो. मोठा पट्टा मागवून मोजलं तर 148. तेही जास्तच, पण आजोबा दिवसभर मांडवात दंड दाखवत हिंडले.

मिठाचा खेळ मला सगळ्यात आवडायचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे चहाचा चमचा शिगोशीगसुद्धा नाही. सिस्टरबाईंनी हिशेब मांडला: चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा कमीत कमी पन्नास दिवस गेला पाहिजे. मग हळदीकुंकवाला विचारतात तसं एकेकीला विचारायचं, तुमचा किती दिवस जातो? कुणी वीस म्हणालं, कुणी पंचवीस. एक मावशी म्हणाल्या, "आमचा पंधरा. पर त्यात लोणच्याचं बी आलं की!" लोणचं खायचंच असतं, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्या स्वतःच पदरानं तोंड झाकून हसल्या. ठेचा मात्र कुणी सोडला नाही. सोडा म्हणायची आमची छातीही नव्हती.

2017 च्या अखेरीस सरकारचा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम आला आणि महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा होता. पुढं गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागल्या. मग मंडळाच्या वहीचं काम बदललं. आता कोण गोळी सोडतंय ते बघायचं. "बरं वाटतंय की आता" हे सोडण्याचं पहिलं कारण. दुसरं वारी. लोणंदला पालखीत सामील व्हायचं आणि गोळ्यांचा डबा घरी फळीवर. शेवटी पोरांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्या भरून त्या तुळशीच्या माळेसारख्या गळ्यात अडकवायच्या केल्या. आषाढीनंतरच्या गणपतीत रिकाम्या पिशव्या परत आणणाऱ्याला नारळ.

दुपारी, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायचं शिकवणं. बाहुला कुठला असायला, भुशाचं पोतं घेतलं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच सेंटिमीटर खोल. ताल काही केल्या जमेना, तेव्हा हलगी वाजवणाऱ्या पोराला उभा केला. त्यानं ठेका धरला आणि बायकांनी पोतं असं दाबलं की शिवण उसवली. 108 नंबर जिन्याच्या भिंतीवर आम्ही मंडळाच्या नावापेक्षा मोठा रंगवला. अध्यक्षांना ते फारसं रुचलं नव्हतं.

खरी गोष्ट मात्र मांडवात घडली नाही. वर राहणाऱ्या ज्या आज्या खाली येतच नव्हत्या त्यांच्यासाठी एका वर्षी सिस्टरबाईंनी टेबल जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर लावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी भाजी घेऊन वर येताना तिथं थांबल्या, पदर नीट केला, कठड्याला टेकल्या. ह्या आजी रोज तिथंच थांबायच्या. आम्हाला वाटायचं, गप्पांना. सिस्टरबाईंनी विचारलं, "रोज इथंच थांबता?"

"व्हय. छातीवर धोंडा ठेवल्यागत हुतं. जरा थांबलं की जातंय. वयच झालं."

चढताना येतं आणि थांबलं की जातं, हे ऐकल्यावर सिस्टरबाईंनी मोजणी बंद केली. त्याच दुपारी दोन पोरं आजींना रिक्षात घालून जिल्हा रुग्णालयात घेऊन गेली. आजी वाटेत भांडत होत्या, गॅसवर डाळ हाय म्हणून. हृदयाला रक्त कमी पडत होतं. पुढचे उपचार पुण्याला झाले, त्याची धावपळ सांगत बसत नाही.

करोनात दोन वर्षं काही झालं नाही. पोरं फक्त दारात गोळ्या ठेवून कडी वाजवायची. नंतरच्या पहिल्या गणपतीत वही उघडली तेव्हा पाच-सहा पानांवर सिस्टरबाईंनी नुसती आडवी रेघ मारली आणि पान उलटलं.

आजींचं पान चालू होतं. त्या वर्षी त्यांनी मंडळाकडं एकच गोष्ट मागितली, दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची. वर्गणीतून आम्ही निळी प्लॅस्टिकची खुर्ची घेतली. महिन्यात ती कुणाच्या तरी बारशाला गेली आणि परत येईना, तेव्हा आजींनी स्वतःच्या पैशानं साखळी आणली आणि खुर्ची कठड्याला कुलूप लावून बांधली. किल्ली त्यांच्याकडं. परवा मी गेलो तर चौथ्या मजल्यावरचे पैलवान आजोबा तिथं बसले होते आणि आजी भाजीची पिशवी घेऊन शेजारी उभ्या, "उठा आता, माझी पाळी."