शेवटाच्या आधीची ओळ

ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नववी तिथी म्हणजे तिशा बआव. कोकणातले आमचे, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंचे, जुने लोक या दिवसाला बिरड्याचा सण म्हणायचे. म्हणायचं सण, पण दिवस कडक उपासाचा आणि शोकाचा. यरुशलेमचं पहिलं मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने पाडलं, दुसरं इ.स. ७० मध्ये रोमनांनी. दोन्हींचा शोक याच दिवशी पाळतात.

इथे इस्रायलमधल्या लोद शहरात सूर्य मावळला की आमच्या सिनेगॉगमधले, म्हणजे प्रार्थनाघरातले, दिवे मंद होतात. पायांत चामड्याचे जोडे नाहीत, बसायचं खाली. कुणी कुणाला शालोमही म्हणत नाही. एरवी दारातच मराठीतून खबरबात घेणाऱ्या बायका त्या रात्री मान खाली घालून आत जातात. मला ते अजून जड जातं.

मग 'एखा', म्हणजे विलापगीत, वाचतात. ५ अध्याय. तिसऱ्यात एकटा माणूस आपलं सोसणं सांगतो. पाचव्यात 'मी' उरतच नाही, सगळं 'आम्ही'. आम्ही पोरके झालो, आमच्या नाचण्याचं रडणं झालं.

यंदा शेजारच्या मावशी बऱ्याच महिन्यांनी आल्या होत्या. हिवाळ्यात काका गेले, तेव्हापासून घराबाहेर पडणं जवळपास बंदच. गुडघ्यांमुळे त्यांना ठेंगणं स्टूल दिलं. मोबाईलच्या उजेडात ओळीखालून त्यांचं बोट सरकत होतं.

शेवटचा श्लोक फार कठोर आहे: तू आम्हाला टाकूनच दिलंस का? तिथे कुणी थांबत नाही. सगळे मिळून आधीचा श्लोक पुन्हा म्हणतात, 'हशीवेनू'. आम्हाला तुझ्याकडे परत वळव, आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर. पोथी संपते टाकून दिल्यापाशी, पण म्हणणारे एक ओळ मागे येतात. ही रीत कुणी घातली असेल, त्याने फार सोसलेलं असणार.

मावशींचं बोट खालून वर, त्या ओळीवर आलं. आधी नुसते ओठ हलले, मग बायकांच्या आवाजात त्यांचाही ऐकू आला.

निरोप न घेताच सगळे पांगले. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "पूर्वीसारखं काही होत नाही गं. पण घरी हे एकटीच्याने म्हणवत नव्हतं."

उरलेल्या पायऱ्या आम्ही न बोलता उतरलो.