१९७२ टॉप्स : ७८७ पैकी ७०९

टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या १९७२च्या बेसबॉल कार्डांचा ७८७चा सेट मी एकेक कार्ड जमवून पूर्ण करतोय. काल रात्री पुन्हा मोजदाद केली. पहिल्या ६५६ कार्डांपैकी ९ राहिली आहेत आणि शेवटच्या १३१ पैकी ६९. म्हणजे ७८ बाकी.

मोजायला बसलो त्याला कारण घडलं. शनिवारच्या कार्ड शोमध्ये एका ओळखीच्या विक्रेत्याने १९७२चा पूर्ण सेट माझ्यासमोर ठेवला. तीन जाड बाइंडर, नऊ-नऊ खणांची पानं, सगळी ७८७ कार्डं. त्याची किंमत मी आजवर घातलेल्या पैशांपेक्षा फार तर दीडशे डॉलरने जास्त होती, आणि माझी ७८ अजून यायचीच आहेत. एकेक कार्ड जमवणं महागच पडतं. पूर्ण सेट विकणाऱ्याला ७८७ वेळा फोटो काढावे लागत नाहीत की पाकिटं भरावी लागत नाहीत, म्हणून तो भाव सोडतो. मी मात्र पाऊण डॉलरच्या कार्डाला दीड डॉलर टपाल भरलेलं आहे. वहीत टपालाचा वेगळा रकाना आहे आणि त्याची बेरीज नोलन रायन या नामवंत खेळाडूच्या ५९५ नंबरच्या कार्डाच्या किमतीपुढे गेली आहे.

तरी मी तो सेट घेतला नाही.

चार वर्षांपूर्वी १९७५चा पूर्ण सेट घेतला होता. ६६० कार्डं, १३२ कार्डांचा एक छापील ताव धरला तर बरोबर पाच ताव. खोकं आलं, दोन संध्याकाळी पानांत भरून झालं आणि बाइंडर कपाटात गेला. कॉमन, म्हणजे साध्या खेळाडूंची, कार्डं सुंदर होती. पण जॉर्ज ब्रेटचं पदार्पणाचं २२८ नंबरचं कार्ड दुसऱ्या कार्डावर ठेवलं तेव्हा एका बाजूने केसभर आखूड निघालं. झिजलेली कड कुणीतरी कापून सरळ केली होती. परत करायची मुदत तोवर टळली होती. तेव्हापासून माझा नियम आहे : पूर्ण सेट घेताना आधी मोठी नावं बाहेर काढायची, चांगल्या कार्डाला भिडवून मापायची, मग बाकीचं. सेटची निम्मी किंमत त्या दहा-पंधरा कार्डांतच असते आणि कमअस्सल माल तिथेच दडतो.

१९७२चं माझं सुरू झालं ते बुटांच्या खोक्यापासून. पिट्सबर्गजवळच्या एका घरातल्या सामानाच्या विक्रीत मिळालं, आत चारशेच्या आसपास कार्डं. काहींच्या कडेला रबरबँडची खाच, कोपरे गोल झालेले. त्यात ६०४ नंबरचं कार्ड होतं : कोणती कार्डं मिळाली याच्या खुणा करायच्या छापील याद्यांपैकी शेवटची, ६५७ ते ७८७ची. कुण्या मुलाने निळ्या बॉलपेनने मिळालेल्या कार्डांपुढच्या चौकटीत खुणा केल्या होत्या. बाकीच्या याद्या खुणांनी भरून गेलेल्या. या यादीवर फक्त अकरा.

हाय नंबर, म्हणजे ६५७पासूनची ही शेवटची कार्डं, दुर्मीळ का, हे आपण सगळे जाणतो. तेव्हा टॉप्स हंगामभर टप्प्याटप्प्याने कार्डं काढायचं. सहावा, म्हणजे शेवटचा, टप्पा येईतो शाळा सुरू झालेल्या, मुलांचं लक्ष फुटबॉलकडे, दुकानदारांनी मागणी कमी केलेली. पण माहीत असणं वेगळं आणि त्या अकरा खुणा बघणं वेगळं. ज्या कार्डांपाशी मी आज अडलोय, तिथेच तो मुलगाही अडला होता. कोरी यादी स्वस्तात मिळत होती, घेतली नाही. माझ्या सेटमध्ये हीच राहणार.

त्याच खोक्यात पिट्सबर्गच्या संघाचा खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे याची दोन्ही कार्डं होती, ३०९ आणि ३१०. ३०९च्या मधोमध घडी आहे. टॉप्सचा हा त्याच्या हयातीतला शेवटचा सेट. ३० सप्टेंबर १९७२ला त्याने इथेच, पिट्सबर्गमध्ये, तीन हजारावा हिट (बेस गाठून देणारा फटका) मारला आणि ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना त्याचं विमान प्वेर्तो रिकोजवळच्या समुद्रात पडलं. माझे शेजारी सत्तरीचे आहेत. ते कार्ड त्यांनी हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. घडी नसलेलं कार्ड मिळालं तरी हे मी बदलणार नाही.

लहानपणी सांगलीत आम्ही च्युइंगमच्या पाकिटातली क्रिकेटपटूंची चित्रं ‘डबल’ देऊन बदलून घ्यायचो. एकेक चेहरा असा पाठ व्हायचा. बेसबॉल मी इथे येऊन, मोठेपणी शिकलो आणि तो या कार्डांनीच शिकवला. १९७२च्या कार्डांवर पुढच्या बाजूला खेळाडूची मैदानावरची जागासुद्धा छापलेली नाही. मागे वळवून वाचावंच लागतं. तीन बाइंडर एकदम आले असते तर मी मागची बाजू इतक्या वेळा वाचली नसती.

एका बाबतीत मात्र मत बदललंय. हाय नंबर सुटे शोधायचे नाहीत. त्याच विक्रेत्याकडून शनिवारी २७ हाय नंबर एकगठ्ठा घेतले, सुट्यांच्या जवळजवळ दोन-तृतीयांश भावात. रॉड कॅर्यू (६९५) त्यातच आला. छपाई डावीकडे सरकलेली आहे, पण कोपरे टोकदार. वरच्या ७०९मध्ये हे धरलेले आहेत. नवशिक्याने १९७२ला हात घालायचा असेल तर पहिले पाच टप्पे जमवावेत आणि सहावा जेवढा मोठा गठ्ठा मिळेल तेवढा घ्यावा.

पुढच्या महिन्याच्या शोमध्ये स्टीव्ह गार्वी (६८६) आणि स्टीव्ह कार्लटनचं संघबदलाचं कार्ड (७५१) बघायचंय. माझ्याकडे पाचव्या टप्प्यातली २३ डबल आहेत, बहुतेकांचे कोपरे चांगले. कुणाकडे हाय नंबर जास्तीचे असतील, घडी असलेलेही चालतील, तर दोनास एक बदलायला मी तयार आहे.