भूकंपशास्त्रातली माझी इंटर्नशिप आणि यादीत नसलेले भूकंप

संशोधन इंटर्नशिपबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, भूगर्भशास्त्र शिकलेलं नसेल तर चालतं का? चालतं. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि माझ्याबरोबरची मुलगी संगणकशास्त्राची. दोघींनाही त्याच कामाला बसवलं होतं. सांख्यिकीची बरी ओळख आणि थोडं पायथन येत असलं की बाकीचं तिथे शिकता येतं.

अर्जात सगळ्यात उपयोगी पडलं ते उद्देशपत्रातलं एक परिच्छेदभर लिखाण. त्या गटाचा एक शोधनिबंध मी वाचला होता. त्यातली कोणती आकृती मला कळली आणि कोणती कळली नाही, हे मी सरळ लिहिलं. मुलाखतीत बोलणं झालं ते जवळजवळ त्या न कळलेल्या आकृतीवरच. शिफारसपत्र मात्र अशा शिक्षकांकडून घ्या, ज्यांनी तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना पाहिलंय. फक्त गुण माहीत असलेल्यांकडे लिहिण्यासारखं फारसं नसतं.

सुरुवातीला काम होतं ‘पिकिंग’चं. भूकंपालेखावर, म्हणजे जमिनीच्या हालचालीच्या नोंदीवर, पी लहर (सगळ्यात आधी पोहोचणारी, वेगवान) नेमकी कुठे सुरू झाली आणि एस (तिच्या मागून येणारी) कुठे, तिथे खूण करायची. बहुतेक नोंदी सेकंदाला १०० वाचनांच्या आणि तीन दिशांच्या असतात: एक वरखाली, दोन आडव्या. पी वरखालीच्या नोंदीवर बऱ्याचदा झटक्यात उठून दिसते. एस मात्र पीच्या मागून रेंगाळणाऱ्या कंपनांत लपलेली असते, ती आडव्या नोंदींवर शोधावी लागते. पृथ्वीच्या कवचात एसचा वेग सेकंदाला साधारण ३.५ किलोमीटर. म्हणजे खूण सेकंदाच्या दहाव्या भागाने हलली, तर अंतराचा हिशेब साडेतीनशे मीटरने हलतो. फेजनेटसारखं यंत्र-शिक्षणाचं साधन आता हजारो खुणा काही मिनिटांत करून देतं. तरीही माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आधी हातानेच करायला लावलं, आणि मला ते अगदी योग्य वाटतं. यंत्राची कोणती खूण संशयास्पद आहे, हे त्याशिवाय डोळ्यांना कळत नाही.

माझा खरा प्रश्न त्यानंतरचा होता. गुटेनबर्ग-रिक्टर नियमानुसार एखाद्या प्रदेशात ५ तीव्रतेचा एक भूकंप होतो तेव्हा ४ चे साधारण दहा आणि ३ चे शंभर होतात. हे प्रमाण ‘बी-मूल्य’ सांगतं आणि ते बहुधा १ च्या आसपास असतं. ते घसरलं, तर मोठ्या धक्क्यांचा वाटा वाढला असा अर्थ. २०१९ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ लॉरा गुलिया आणि स्टीफन वीमर यांनी मांडलं की एका मोठ्या धक्क्यानंतर बी-मूल्य नेहमीपेक्षा १० टक्के किंवा जास्त घसरलं, तर त्याहून मोठा धक्का येण्याची शक्यता धरावी. तेवढंच वाढलं, तर नंतरचे धक्के हे नुसते पश्चात्कंप समजावेत. त्याच वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियात रिजक्रेस्टजवळ ४ जुलैला ६.४ चा भूकंप झाला आणि सुमारे ३४ तासांनी ७.१ चा. या दोन धक्क्यांच्या मधलं बी-मूल्य काढणं हे माझं काम.

त्याचं सूत्र एका ओळीचं आहे, भूकंपशास्त्रज्ञ आकी यांनी १९६५ मध्ये दिलेलं. अडचण होती ती नोंदलेल्या भूकंपांच्या यादीत. मोठ्या धक्क्यानंतर जमीन बराच वेळ थरथरत राहते आणि त्या कंपनांत छोट्या भूकंपांच्या लहरी बुडून जातात. ते झालेले असतात, पण यादीत येत नाहीत. छोटेच गळाले की बी-मूल्य आपोआप कमी दिसतं. मग घसरण जमिनीतली आहे की यादीतली? मॅडम माझ्या प्रत्येक आलेखासमोर हेच विचारायच्या.

उपाय म्हणजे एका तीव्रतेच्या खालचे सगळे भूकंप वगळायचे. मी ती मर्यादा वर नेत गेले तसं बी-मूल्यही वर सरकत गेलं, पण हाताशी भूकंप कमी उरले. आणि बी-मूल्यातली अनिश्चितता भूकंपसंख्येच्या वर्गमुळावर ठरते. शंभर भूकंप असतील तर ती साधारण १० टक्के. म्हणजे ज्या फरकावर धोक्याचा इशारा द्यायचा, तेवढीच आपली अनिश्चितता! हे वहीवर उमटलं तेव्हा या शास्त्रात भाकीत का जमत नाही, हे मला पहिल्यांदा आकड्यांत कळलं.

शेवटी पोस्टर मांडायचं होतं. तिथे एकाने विचारलं, मग पुढचा मोठा धक्का आधी सांगता येईल का? मी ‘नाही’ म्हणाले आणि त्यांना तो अनिश्चिततेचा आलेख दाखवला. आमचं बोलणं बराच वेळ चाललं. पोस्टरवर निष्कर्षाइतकीच जागा शंकेला देण्याचा आग्रह मॅडमनी का धरला होता, ते तेव्हा उमगलं.

अर्ज करणाऱ्यांनी आधी एक गोष्ट जरूर करून पाहावी. जगभरातल्या कितीतरी केंद्रांच्या नोंदी फुकट मिळतात आणि पायथनमधल्या ऑब्स्पाय या भूकंपनोंदींसाठीच्या साधनाने त्या उतरवता येतात. जवळच्या केंद्रावर नोंदला गेलेला एखादा उथळ भूकंप निवडा, पी आणि एसवर स्वतः खूण करा आणि दोन्हींमधल्या सेकंदांना ८ ने गुणा. केंद्रापासूनचं अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळेल. ते प्रसिद्ध झालेल्या अंतराशी ताडून पाहा. दोन्ही जुळणार नाहीत; फरक का पडला असेल, ते उद्देशपत्रात लिहा.