पुडीवरचं चित्र सोडा, आकडे वाचा

ऑनलाइन चिनी चहा मागवला आणि पुडीवरचं एक अक्षर वाचता येईना. साइटवर नुसतं 'अस्सल चिनी चहा'. पुडीवर सोनेरी डोंगर, एक सारस आणि बाकी सगळी चित्रलिपी. इथे हॅम्बुर्गमध्ये ब्रेडच्या पिशवीवर तीळ आहेत की नाहीत तेही जर्मनमध्ये छापावं लागतं, मग ही पुडी कुठल्या फटीतून आत आली देव जाणे.

ऑफिसात चीनमधल्या फुजियानची एक मुलगी आहे. तिच्यापुढे पुडी धरली. समोरची मोठी अक्षरं तिने बघितलीही नाहीत. 'ती सजावट,' म्हणाली. पुडी उलटी केली आणि खालच्या बारीक आकड्यांवर नख ठेवलं.

'एससी' आणि पुढे 14 आकडे. हा तिकडचा खाद्य उत्पादनाचा परवाना. पहिले तीन 114, म्हणजे चहा. पुढचे सहा 350524. त्यात 35 म्हणजे फुजियान प्रांत, 05 म्हणजे च्वानचौ, 24 म्हणजे आन्शी तालुका. मग चार आकडे कारखान्याचे आणि शेवटचा पडताळणीचा. त्याखाली 'जीबी/टी 30357.2'. 30357 हे ऊलाँग म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधल्या चहाचं चिनी राष्ट्रीय मानक आणि त्यातला दुसरा भाग तिएकुआनयिन या ऊलाँगच्या जातीचा. लिपीचं एक अक्षर न येता मी थेट तालुक्यापर्यंत पोचले की हो! त्या दिवशी मी घरातली सोया सॉसची बाटलीसुद्धा उलटी करून बघितली.

आपली बाजू पडायला नको म्हणून मी लगेच सांगितलं की आमच्याकडेही एफएसएसएआयचा नंबर 14 आकडीच असतो, त्यातही राज्य आणि वर्ष कळतं. तिने मान डोलावली. आपल्यातलं कोण तो वाचतं, हे मी सांगत बसले नाही.

पण तिनेच बजावलं, आकडे कारखान्याचं गाव सांगतात, पानाची जात नाही. त्याच आन्शीत बनशान नावाची स्वस्त जात होते आणि तिएकुआनयिन म्हणून खपवली जाते. तेव्हा पान उघडून बघायचं.

रात्री त्या घट्ट वळलेल्या हिरव्या गोळ्यांवर उकळतं पाणी ओतलं. दोन-तीन पाण्यांनंतर अख्खी पानं सुटली. बशीत एकेक पसरलं. जाड, देठ काढलेलं आणि कडा कुरतडल्यासारख्या. हा चहा बनवताना हलवून हलवून पानाच्या कडा मुद्दाम दुखवतात, त्या लाल होतात, आणि हल्लीच्या हिरव्या पद्धतीत तो लाल भाग झाडून टाकतात. तैवानच्या ऊलाँगच्या गोळीत बहुधा एका देठाला दोन-तीन पानं सापडतात, इथे तसं काही नव्हतं.

तेवढ्यात मामांचा व्हिडिओ कॉल आला. मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडते. बशी कॅमेऱ्यापुढे धरली तर म्हणाले, 'अगं, हे तर हळकुंड मोडून बघितल्यागत झालं. वरच्या रंगाला कोण विचारतंय, आतला गाभा बघायचा. भाव काय लावला तुला?' भाव सांगितला. मामा गप्प. मामी मागून म्हणाल्या, 'एवढ्यात वर्षाची चहापावडर आली असती.' आता महिन्याला एक हौस केली तर काय बिघडलं? बाहेर कॉफी पिणारे त्याहून जास्त उडवतात.

खरी पंचाईत पुढच्या आठवड्यात झाली. ऑफिसातली ती मुलगी घरी जेवायला आली, आमटीचं कौतुक केलं आणि ओट्यावरचा हळदीचा डबा सवयीने उलटा केला. बुडाला काहीच नाही. कसं असेल? मामांनी पोत्यातनं निवडून, दळून, जुन्या बोर्नव्हिटाच्या डब्यात भरून दिलेली हळद. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मी तिला जरा जास्तच ठसक्यात ऐकवलं. ती म्हणाली, 'पण या डब्यातली सांगलीचीच कशावरून?'

मामांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत. 'बरोबर विचारतीय पोरगी. तिला म्हणावं, फेब्रुवारीत ये, सौद्यात माझ्या शेजारी उभी करतो. आणि तुझं ते चहाचं पान घेऊन यायला सांग.'