वरातीची घोडी

तुळशीचं लग्न लागलं की मुंबईतल्या घोडेवाल्यांचा हंगाम सुरू होतो. अशाच एका शनिवारी पूर्व उपनगरातल्या तबेल्यातून फोन आला: तांबडी घोडी दाणा खात नाही. जाऊन पाहिलं तर जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, नाकातून पिवळट पू, आणि पाणी गिळताना मान ताणत होती.

लक्षणं स्ट्रँगल्सची, म्हणजे जबड्याखालच्या गाठी पिकवणाऱ्या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची. पण घोड्याच्या नाकात पू दिसला की आधी ग्लँडर्स हा जीवघेणा रोग मनात आणावाच लागतो. तो माणसालाही होतो, आणि ठरला तर जनावराला दयामरण देण्यावाचून इलाज नसतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार नुसता संशय आला तरी कळवावं लागतं. मास्क-हातमोजे चढवून रक्त आणि नाकातला स्वॅब घेतला, पशुसंवर्धन खात्याला कळवलं. ग्लँडर्सची तपासणी हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात होते.

मालकाची चिंता वेगळीच. "मॅडम, हिला ठेवा बाजूला. पण पांढरी संध्याकाळी मुलुंडला जायचीय. ॲडव्हान्स घेतलाय."

पांढरी दिसायला ठणठणीत. चंदी फस्त केलेली, मोतद्दार काका खरारा करत होते, झूल आणि कलगी शेजारी काढून ठेवलेली. थर्मामीटर लावला. १०३.४! निरोगी घोड्याचा पारा १०१ च्या आसपास थांबतो.

शेठना पटेना. स्ट्रँगल्समध्ये ताप आधी येतो, नाकातून जंतू पडायला लागतात ते त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. म्हणून आज वेगळी काढली तरच उपयोग, हे सांगता सांगता माझा घसा सुकला. वरातीत ही दुसऱ्याच्या घोड्यांशेजारी उभी राहणार, एकाच बादलीत तोंड घालणार. शेवटी काकाच बोलले, "शेठ, दोघींचा दाण्याचा तोबरा एकच आहे."

त्यावर शेठ गप्प झाले.

मुंबईत वेगळी जागा आणायची कुठून? मागच्या भिंतीला ताडपत्री बांधून आडोसा केला. बादल्या, तोबरे, खरारे वेगळे. पाण्याचा सामाईक ड्रम बंद. काकांनी आधी निरोगी घोडे करायचे, आजारी सगळ्यात शेवटी. पारा सकाळ-संध्याकाळ खडूने भिंतीवर.

हिसारचा अहवाल निगेटिव्ह आला, स्वॅबमध्ये स्ट्रँगल्सचे जंतू सापडले. तांबडीची गाठ शेकून पिकू दिली, फुटल्यावर ती खायला लागली. पांढरीलाही गाठ आलीच, पण लागण तिच्यापुढे सरकली नाही. मुलुंडचा नवरदेव मोटारीतून गेला. ॲडव्हान्स परत करताना शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नवरीकडची!