अंगणातला रानतेरडा: घोडं अडतं ते बियाण्यापाशी

मधमाश्या-फुलपाखरांसाठी तेरडा लावायचा तर ऊन, पाणी, माती हे सगळं जमून जातं. बी मिळत नाही. साताऱ्यातल्या एका रोपवाटिकेत एकेरी फुलाचं बी मागितलं, तर 'बाल्सम' लिहिलेलं पाकीट हातात पडलं. 'सगळं एकच असतं' असं वर ऐकवलं. एकच नसतं! त्यातून उगवली ती गुलाबासारखी भरगच्च दुहेरी फुलं. एकेरी फुलाच्या मागे बारीक, वाकडी नळी असते, मकरंद तिथे असतो. दुहेरी फुलात पाकळ्यांच्या गर्दीमुळे माशीला तिथवर पोचताच येत नाही. माझा तो पावसाळा फुकट गेला, याची चीड अजून आहे.

म्हणून बी रानातल्या झाडाचंच घ्या, ओळखीच्या शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून. कास पठारावरून नको. तिथून काही तोडून आणायला मनाई आहे, आणि तिथला ठेंगणा तेरडा (इम्पेशन्स लॉई) ही जातही वेगळी, जांभ्यावरच्या पातळ, ओल्या मातीतली. गौरीसाठी उपटून आणलेल्या तेरड्यावरही भरवसा नको, त्याची बोंडं बहुधा हिरवीच असतात. खरं बी गौरी गेल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये.

बोंड फुगून फिकट पडलं की पिकलं. नुसता धक्का लागला तरी फुटतं आणि बी उडून जातं. त्यामुळे आधी पूर्ण मूठ मिटायची, मगच ओढायचं, किंवा फांदीला मलमलची पुरचुंडी बांधून ठेवायची. तपकिरी बी ठेवा, पांढरं कच्चं असतं, टाकून द्या. सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवायचं. ओलसर बी प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरसतं.

पेरणी जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. बी जेमतेम झाकेल इतकीच माती, दोन झाडांत एक फूट. आठवडा-दोन आठवड्यांत उगवतं, ऑगस्टपासून फुलतं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पाणी साचून खोड कुजतं, तिथे मुरूम मिसळून वाफा वीतभर उंच करा.

पानांवर शेपटीला काटा असलेली काळपट अळी दिसली तर फवारणी करू नका. ती पतंगाची अळी, थोडी पानं खाऊन जाते. औषध मारलं तर माश्याही मरतात.

आणखी एक, शेवटची बोंडं झाडावरच फुटू द्या. पुढच्या जूनमध्ये रोपं आपोआप येतात. दातेरी काठाची लांबट पानं ओळखून ठेवा, नाहीतर खुरपणीत तीच आधी उपटली जातात.